कोल्हापुरात घरं कमी आहेत, म्हणजे नेमकी कुणाला?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "कोल्हापुरात परवडणारी घरं मिळत नाहीत, हे जो तो म्हणतो. आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. काही अभियंते, काही समाजकार्याचे विद्यार्थी. डेटा वापरून या टंचाईवर खरोखर काही करता येईल का? माहिती कुठे मिळते आणि सुरुवात कुठून करावी?"

मी नगररचनाकार आहे. गेली बावीस वर्षं कोल्हापूर आणि आसपासच्या शहरांत घरांची सर्वेक्षणं, वस्त्यांचे नकाशे आणि घरकुल योजनांचे अहवाल हेच माझं काम. करता येईल, बरंच काही करता येईल. पण बहुतेक गट ज्या आकड्याच्या मागे लागतात, त्यामागे तुम्ही लागू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तो आकडा म्हणजे "शहरात एकूण किती घरं कमी आहेत". अहवालाच्या पहिल्या पानावर तो छापला जातो आणि तिथेच राहतो. त्याच्या पोटात काय दडलेलं असतं ते देशपातळीवरच्या हिशेबात चांगलं दिसतं. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशातल्या शहरी घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी काढली. त्यात बेघर कुटुंबं सुमारे ५ लाख ३० हजार. मोडकळीला आलेली आणि राहण्यालायक नसलेली कच्ची घरं मिळून तीसेक लाख. उरलेली जवळजवळ दीड कोटी, म्हणजे १०० मधली ८०, ही दाटीची होती: डोक्यावर छप्पर आहे, पण लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. आणि त्याच सुमाराला, २०११ च्या जनगणनेत, देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी, कुलूपबंद सापडली होती.

हे दोन आकडे शेजारी ठेवून आपल्या शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत चालत जा. एका वाड्यात तीन भाऊ, मधल्याचं लग्न झालं तेव्हा सोप्यात फळ्या मारून खोली काढलेली, धाकट्याचं ठरलं की माडीवर पत्रा टाकायचा विचार. आई-वडील स्वयंपाकघरात झोपतात. या घराची गरज काय आहे? शहराबाहेर दहा किलोमीटरवरचा फ्लॅट नव्हे. त्यांना वर एक पक्का मजला हवा आहे, त्यासाठी चार-पाच लाखांचं कर्ज हवं आहे आणि त्या कर्जासाठी नीट झालेला कागद हवा आहे. ही तिन्ही कामं फ्लॅटच्या इमारतीपेक्षा स्वस्त आणि लवकर होणारी आहेत. पण "इतकी घरं कमी" या आकड्यात हा वाडा आणि नाल्याकाठची झोपडी एकाच रकान्यात जातात, आणि मग दोघांनाही एकच औषध सुचवलं जातं.

म्हणून कुटुंब मोजताना घरक्रमांक धरू नका, चूल धरा. आणि चुलीच्या खाली प्रत्येक विवाहित जोडपं वेगळं लिहा. याला योजनेच्या नियमांतही अर्थ आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. आणि अट अशी की त्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. वडिलांच्या घरात राहणारा लग्न झालेला मुलगा या व्याख्येत वेगळं कुटुंब ठरतो. घरफाळ्याच्या वहीत मात्र तिथे एकच मालमत्ता दिसते, तीही बहुधा आजोबांच्या नावाने.

आजोबांच्या नावाचा हा मुद्दा मी पुढे ढकलत नाही, कारण माझ्या मते जुन्या पेठांतल्या टंचाईचं मूळ इथेच आहे. नगर भूमापन कार्यालयातलं प्रॉपर्टी कार्ड काढलं की त्यावर वीस-तीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव, किंवा वारस नोंद झाली असेल तर दहा-बारा नावं: आत्या, पुण्याचे चुलते, मुंबईला दिलेल्या बहिणी. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना अडतो, आणि घरकुलाचं अनुदान मिळवायला सहहिस्सेदारांच्या संमती गोळा करता करता वर्ष जातं. तुमच्या गटाला एका पेठेपुरती घरफाळ्याची नावं आणि प्रॉपर्टी कार्डावरची नावं जुळवून पाहता आली, आणि किती जागांवर मृत व्यक्तीचं नाव चालू आहे एवढं जरी काढता आलं, तरी त्या यादीवरून वारस नोंदीची शिबिरं लावता येतील. मी हे एका छोट्या भागात केलं आहे. एकही वीट न रचता तिथली काही कुटुंबं कर्जाला पात्र झाली. माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या थोड्या खर्चात एवढा उपयोग मला दुसऱ्या कशाचा झालेला आठवत नाही.

आता पैशाकडे. "परवडणारं" हा शब्द आपण घराला लावतो, पण परवडणं हे कुटुंबाच्या खिशावर ठरतं. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या १ लाख कर्जाला महिना ९०० रुपये हप्ता बसतो, हे एवढं डोक्यात पक्कं ठेवा. घरात महिना २५,००० येत असतील (हीच आर्थिक दुर्बल घटकाची वरची मर्यादा, वर्षाला ३ लाख) आणि त्यातले ७,५०० हप्त्याला जाऊ शकत असतील, तर कर्ज झालं ८ लाख ३० हजार. आवास योजनेचं अडीच लाख अनुदान आणि गाठीचे लाखभर मिळवले तर ११ लाख ८० हजारांच्या आसपास. ३० चौरस मीटर म्हणजे ३२३ चौरस फूट चटई क्षेत्राचं घर धरलं, तर जमीन, बांधकाम, दस्तनोंदणी सगळं धरून चौरस फुटाला साडेतीन हजारांच्या थोडं वर. यापेक्षा महाग पडलं की घर त्या कुटुंबाच्या हातून गेलं. कर्ता माणूस ४८ वर्षांचा असेल तर बँक २० वर्षं देणार नाही. १० वर्षांच्या मुदतीत लाखाला १,२६७ हप्ता बसतो आणि त्याच ७,५०० रुपयांत कर्ज ५ लाख ९० हजारांवर येतं. एका वयाच्या रकान्याने किती फरक पडतो बघा. तरीही वय विचारलेलं नाही अशी सर्वेक्षणं मी पाहिली आहेत.

आणि २५,००० हा वरचा काठ झाला. धुणीभांडी करणारी आई आणि हमाली करणारा बाप मिळून १५,००० आणत असतील, तर उत्पन्नाच्या ३० टक्के हप्त्याला वगैरे नियम तिथे लावूच नका. किराणा, शाळा, औषधं, बसभाडं जाऊन काय उरतं ते विचारा. २,००० उरत असतील तर कर्ज २ लाख २० हजार. त्यात घर विकत घेणं होत नाही. या कुटुंबाला टप्प्याटप्प्याने बांधायची मदत हवी, नाहीतर चांगलं भाड्याचं घर हवं. उत्पन्नाच्या गटांऐवजी "महिन्याला हातात उरणारी रक्कम" या रकान्यावर वर्गवारी केली, की कुठल्या कुटुंबाला विकत, कुणाला भाड्याने, कुणाला वाढीव बांधकाम हे आपोआप वेगळं होतं.

ही रक्कम सरळ विचारून मिळत नाही. घरकुलाच्या अर्जावर सगळ्यांचं उत्पन्न मर्यादेच्या जरा खाली असतं, कारण तसं लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. त्या रकान्याची सरासरी काढून काही हाती लागत नाही. मी विचारते: "भिशी किती लावता?" बाई पटकन सांगतात, कारण त्यात लपवण्यासारखं काही नसतं. मग बचत गटाचा हप्ता, पतसंस्थेचं कर्ज, आणि गेल्या वर्षभरात हप्ता कधी चुकला का. या तीन उत्तरांवरून कुटुंबाची फेड करण्याची ताकद उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा कितीतरी खरी कळते. बचत गटाचं पासबुक नियमित असलेली कितीतरी कुटुंबं बँकेच्या दारात केवळ पगारपत्रक नाही म्हणून परत फिरतात. त्यांची यादी, त्यांच्या संमतीने, एखाद्या पतपुरवठा संस्थेपुढे ठेवणं हे तुमच्यासारखा गट करू शकतो.

खिशाचा हिशेब अंतराशिवाय पुरा होत नाही. जमीन स्वस्त म्हणून घरं शहराच्या टोकाला न्यायची ही सवय सगळीकडे आहे. समजा घर असं पडलं, की शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात जायला एका बाजूने १५ किलोमीटर आहेत. रोज ३०, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देत असेल तर सतरा-साडेसतरा लिटर पेट्रोल, महिन्याला १,८०० रुपयांच्या आसपास. मघाच्या लाखाला ९०० च्या हिशेबाने हा २ लाख कर्जाचा हप्ता झाला. म्हणजे लांबचं घर २ लाखांनी स्वस्त असलं तरी ते स्वस्त नाही. घरात दोघं कामाला जात असतील आणि त्या मार्गावर केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या बसची, फेरी नसेल तर बाईची नोकरीच सुटते, हेही मी पाहिलं आहे. तेव्हा प्रत्येक कुटुंबाला कामाचं ठिकाण विचारा, दोन्ही कमावत्यांचं, आणि ते नकाशावर टाका. जागा निवडताना जमिनीच्या दराच्या तक्त्याबरोबर हा नकाशा टेबलावर असलाच पाहिजे.

माहिती कुठे मिळते, हा तुमचा दुसरा प्रश्न. जनगणना २०११ ची आहे. त्यात कोल्हापूर शहर ५,४९,२३६ लोकांचं. नवी गणना २०२७ ची, म्हणजे मधली १६ वर्षं तुम्हाला दुसऱ्या नोंदींवरून भरून काढायची आहेत. जुन्या गणनेचा परिणाम केवळ अभ्यासापुरता राहत नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) २० टक्के छोटी घरं राखायची तरतूद १० लाख आणि त्यावर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आली, तीही शेवटच्या जनगणनेप्रमाणे. कोल्हापूर त्या रेषेच्या खूप खाली राहतं. त्याचं एक कारण हद्द. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी इथे राहणारा माणूस रोज कोल्हापुरात कामाला येतो, पण मोजला जातो गावात. त्या भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ साली प्राधिकरण नेमलं गेलं. तुमचा नकाशा महापालिकेच्या हद्दीवर थांबला तर जिथे घरं खरोखर उभी राहत आहेत तोच भाग बाहेर राहील. शहरात घरफाळ्याची आकारणी यादी मागा, गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागा. दोन्हींची रचना वेगळी आहे. जोडायला वेळ लागतो, तो धरून चाला.

मला सगळ्यात आवडणारी नोंद महावितरणची. घर रिकामं आहे की भरलेलं, हे वीज खरं सांगते. वर्षभर महिन्याला नाममात्र युनिट जळणारा घरगुती मीटर म्हणजे बहुधा बंद घर. उलट दोन खोल्यांच्या घरात एकाच मीटरवर चार कुटुंबांइतकी वीज जात असेल तर आत सबमीटर लावून खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. ग्राहकाचं नाव-नंबर मागू नका. मिळणार नाही आणि मिळू नये. डीपीनिहाय, म्हणजे गल्लीला वीज पुरवणाऱ्या पेटीनिहाय, संख्या मागा: या डीपीवर इतके घरगुती मीटर, त्यातले इतके वर्षभर जवळजवळ शून्यावर. तेवढ्यावरून कुलूपबंद घरांचा नकाशा तयार होतो.

मग त्या भागात जाऊन कुलूप का आहे ते विचारा. मुलं पुण्याला किंवा परदेशी गेली, भावाभावांत वाद आहे, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलंय, बिल्डरकडून विकलं गेलेलं नाही: प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. राहण्याजोगं घर असूनही भाड्याने न देण्यामागे सर्वांत मोठी भीती मी ऐकते ती "भाडेकरू नंतर उठणार नाही" ही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्यासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी सोय आहे. हे घरमालकांना माहीत नसतं. ज्या डीपीवर कुलपं जास्त, तिथे या माहितीचा एक कागद घरोघर पोचवणं हेसुद्धा घरांचा पुरवठा वाढवणंच आहे.

भाड्याचा खरा दर मिळवणं अवघड. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे. तरी आपल्याकडे स्टॅम्पवर ११ महिन्यांचं लिहून नोटरी करून मोकळे होतात, आणि दोन-तीन हजारांच्या खोलीला तर तेही नसतं. त्यामुळे नोंदलेल्या करारांवरून सरासरी काढली तर ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरीतल्या फ्लॅटचं भाडं कळेल, विचारे माळातल्या खोलीचं कळणार नाही. पण एका गोष्टीसाठी ही नोंद फार कामाची आहे: काळानुसार बदल. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आणि भाडी वाढली असं शहरात ऐकायला मिळतं. एकाच इमारतीतल्या किंवा एकाच गल्लीतल्या नोंदलेल्या करारांचं त्या तारखेआधीचं आणि नंतरचं भाडं लावून बघा. वाढ कुठे आहे, किती अंतरापर्यंत आहे, तिथून कोण उठून कुठे गेलं, हे कळलं तरच त्यावर बोलता येईल.

विक्रीच्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले दस्ताचे गोषवारे, ऑनलाइन पाहता येतात. त्यात मोबदला आणि बाजारभाव दोन्ही असतात. रेडी रेकनर हा सरकारी दर आहे, खरेदीचा भाव नाही, एवढं लक्षात ठेवा. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पांची, फ्लॅटच्या आकारांची आणि विक्रीची माहिती दर तिमाहीला येते, पण ५०० चौरस मीटरपेक्षा लहान भूखंड किंवा ८ पर्यंत सदनिका असलेले प्रकल्प तिथे नोंदवावेच लागत नाहीत. आपल्याकडे जुना बंगला पाडून सहा फ्लॅट काढणं किंवा गुंठ्या-दोन गुंठ्यांत घर बांधणं हेच जास्त. ते महारेरात दिसत नाही. त्यासाठी बांधकाम परवाने आणि भोगवटा प्रमाणपत्रं पाहा, आणि दोन्हींच्या तारखांमधलं अंतर मोजा. काम कुठल्या टप्प्यावर अडतं ते त्यातून दिसतं.

गुंठेवारीवर, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागांवर, थोडं. २००१ चा नियमितीकरणाचा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली गेली. मध्यम आणि गरीब कुटुंबांनी शहराभोवती स्वतःच्या हिमतीवर घरं केली ती याच मार्गाने, आणि त्यांना "अनधिकृत" म्हणून नकाशात पांढरं सोडणं मला अन्यायाचं वाटतं. उपग्रहाची जुनी-नवी चित्रं लावून कुठल्या साली कुठल्या रानात घरं उठली हे क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काढता येतं. तुमच्यातले अभियंते हे काम पंधरा दिवसांत शिकतील.

पण कोल्हापुरात नकाशावर पहिली रेषा मारायची ती पुराची. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका; २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी वाढू लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं सगळ्यांत आधी बाहेर काढावी लागतात, दर वेळी तीच. निळी पूररेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. या दोन रेषांच्या आत स्वस्त भूखंड असतात आणि स्वस्त असतात म्हणून गरीब तिथे जातो. स्वस्त घराच्या किमतीत दर पुराला भिजलेला गादी-बिछाना, बुडालेला रोजगार, शाळेतली वह्या-पुस्तकं आणि पुन्हा प्लास्टर करण्याचा खर्च मिळवा, मग ते घर महाग निघतं. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठल्या दारापर्यंत आलं होतं हे लोकांना विटेच्या खुणेसकट आठवतं. सर्वेक्षणात प्रत्येक घरी ती उंची विचारून टेपने मोजून घ्या. ती नोंद पूररेषेच्या नकाशापेक्षा बारीक असते, आणि कुठल्या घराला वर मजला पुरेल आणि कुठल्याला जागाच बदलायला हवी हे ती सांगते.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुम्ही ती करू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वस्तीत आम्ही सकाळी दहा ते पाच सर्वेक्षण केलं. बंद दारांवर खूण करून पुढे गेलो आणि यादी पुरी केली. ती यादी मंजुरीला गेली. काही महिन्यांनी एका बाईंनी मला गाठलं. "ताई, आमी दोघंबी कामाव. तुमी दुपारी येता, दार बंद बघून जाता. मग आमी कागदाव हाय का न्हाई?" नव्हत्या. यादीतून सुटलेली बहुतेक घरं अशीच होती: दोघं राबणारी, म्हणजे ज्यांना हप्ता भरणं शक्य होतं तीच. नाव पुन्हा घालायला त्यांना जे हेलपाटे घालावे लागले त्याचं ओझं माझ्या मनावर अजून आहे. तेव्हापासून मी संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी सर्वेक्षण करते, आणि बंद दाराला वेगवेगळ्या वेळी तीनदा गेल्याशिवाय "बंद" लिहीत नाही.

त्याच वस्तीत भाडेकरूही कमी दिसले होते. कारण घरमालकीण बाजूला घेऊन सांगायची, "भाडेकरू म्हणून लिवू नगा बाई, पावणं म्हणून लिवा." घरफाळा वाढेल ही तिची भीती. आता मी मालकी-भाड्याचा प्रश्नच आधी विचारत नाही. चुली किती, पाण्याची भांडी कुठे वेगळी ठेवता, गॅसची टाकी किती, एवढ्यावरून कळतं. आणि कर विभागाला हा कागद जाणार नाही असं सांगते व ते पाळते. एकदा शब्द मोडला की त्या गल्लीत पुन्हा खरं उत्तर मिळत नाही.

याद्या जुळवताना नावांचा त्रास होईल. एकच माणूस एका यादीत बापूसो, दुसरीत बापूसाहेब, तिसरीत फक्त आडनाव आणि वडिलांचं नाव. पत्ता "महादेव मंदिराजवळ". आणि महादेव मंदिरं किती आहेत तुम्हाला माहीत आहे. संगणकाने सारखेपणा शोधा, पण शेवटची खात्री तालमीत बसून करा. कोल्हापुरात तालीम आणि तरुण मंडळ यांना गल्लीतलं प्रत्येक घर माहीत असतं. कोण कधी आलं, कोण गेलं, कुणाच्या घरात किती चुली. मात्र एका गोष्टीचं भान ठेवा: तालमीच्या पाठिंब्यावर नसलेली घरं, नवे आलेले, परप्रांतीय कामगार, एकट्या बायका, तिथल्या बोलण्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी आशा सेविका आणि अंगणवाडी ताईंना विचारा.

परप्रांतीय कामगारांचं नाव निघालं म्हणून. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रींमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं काम करतात, एका खोलीत सहा-आठ जण. कुठल्याही घरकुल यादीत ती नाहीत, कारण त्यांना इथे घर विकत घ्यायचंच नाही. शिकायला आलेल्या मुलामुलींचंही तेच. त्यांना भाड्याची स्वच्छ जागा हवी. भाड्याची परवडणारी घरं हा आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा एक स्वतंत्र घटक आहे, आणि या शहराला ही कल्पना परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. जागा दिली, उत्पन्न लावून दिलं आणि चालवायचं काम त्या त्या समाजाकडे सोपवलं. कारखान्यांच्या संघटनांना सोबत घेऊन कामगार कुठे, किती, किती भाडं देऊन राहतात एवढी नोंद केली तर अशा वसतिगृहांचा प्रस्ताव आकड्यांसह मांडता येईल. आज ती नोंद एकत्र कुठेच केलेली माझ्या पाहण्यात नाही.

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीला आलेल्या अर्जांवरून मागणी मोजू नका. ज्याच्याकडे अनामत रक्कम आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारं कुणीतरी आहे, तोच तिथे दिसतो.

सुरुवात कुठून, हा शेवटचा प्रश्न. पूर्ण शहर घेऊ नका. माझं मत विचाराल तर दोन लहान तुकडे घ्या: जुन्या पेठेतल्या चार-पाच गल्ल्या, आणि हद्दीबाहेरची एक गुंठेवारीची वस्ती. दोन्हीकडच्या टंचाईचा स्वभाव वेगळा असल्याने तुमचा नमुना लगेच कसाला लागेल. पहिला महिना फक्त कागद: घरफाळा किंवा नमुना ८, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, डीपीनिहाय विजेच्या संख्या. माहिती अधिकारात मागावी लागली तरी विभागात जाऊन आधी माणसाला भेटा. काय हवं ते त्याला नीट कळलं तर तो अर्ध्या वेळात देतो. दुसरा महिना दारोदार. प्रश्न वीसच्या वर नकोत: चुली, जोडपी, वयं, दोघांची कामाची ठिकाणं, भिशी आणि हप्ते, जागेच्या कागदावर कुणाचं नाव, पुराची खूण.

तिसऱ्या महिन्यात तक्ता तयार झाला की तो आधी त्याच गल्लीत परत न्या. नावं काढून टाकलेला, गल्लीनिहाय बेरजांचा. मंदिरात किंवा तालमीत संध्याकाळी भिंतीवर लावा आणि तासभर थांबा. चुका तिथेच निघतात. आधार क्रमांक मुळात गोळाच करू नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आत्मा तोच आहे, की लागते तेवढीच माहिती, सांगितलेल्या कामापुरती. भरलेले फॉर्म एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलपात ठेवा. महापालिकेला, प्राधिकरणाला किंवा पतसंस्थेला देताना एकच मोठा अहवाल न देता तीन वेगळ्या याद्या द्या: वारस नोंद अडलेल्या जागा, वर मजला चढवू शकणारी कुटुंबं, आणि भाड्याची जागा हवी असलेली माणसं. या तिन्ही याद्यांवर काम करणारे अधिकारी वेगळे असतात. ज्याच्या टेबलावर त्याची यादी जाईल त्याला पुढच्या सोमवारी काय करायचं ते कळेल, आणि पंधरा दिवसांनी तुम्हाला जाऊन विचारता येईल की पहिल्या दहा नावांचं काय झालं.